परातीतली खुर्दबीन

मी मागितला होता फळा. आली खुर्दबीन.

आमच्या मुलींच्या शाळेत फळा नव्हता असं नाही. शाळा मठाच्या मागच्या ओवरीत भरायची, आणि मठाच्या जुन्या दाराचा एक पल्ला काळं फासून भिंतीला टेकवलेला होता. त्याची कडी मात्र तशीच राहिली होती. वजाबाकी करता करता हात लागून कडी वाजली की साऱ्या पोरी दाराकडे बघायच्या, आणि हातचा घेतलेला एक तिथंच राहायचा. म्हणून दर सालाला मी वरच्या कचेरीकडे उर्दूत अर्ज करायची : फळा एक, मेहरबानी होईल. उत्तर कधी यायचं नाही. पुढं पुढं तर तो माझ्या नेमांतलाच एक होऊन बसला. सोमवार, प्रदोष, शिवरात्र आणि फळ्याचा अर्ज.

मग एका आषाढात, युसूफ वडगावच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीत, सरकीच्या पोत्यांवर बसून एक लाकडी पेटी आली. आमचा चपराशी सटवा ती डोक्यावर घेऊन ओवरीत शिरला.

"बाई," तो म्हणाला, "फळा लई आखूड पाठवलाय."

पेटीत गवत, गवतात कापूस, कापसात एक पितळी यंत्र. खाली वाटीएवढा आरसा, मधे छोटा पाट, वर डोळा लावायची नळी. डोळ्याला न दिसणारी बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं ते यंत्र. उर्दूत त्याला खुर्दबीन म्हणतात. सोबत एका डबीत बोटाएवढ्या काचेच्या पट्ट्या होत्या. एकीवर माशीचा पाय चिकटवलेला, एकीवर कांद्याचा पापुद्रा, एकीवर फुलपाखराच्या पंखाचा तुकडा. आणि वर सरकारी चिठ्ठी : चीज नाजूक आहे. विद्यार्थिनींना दाखवावी. इमारतीबाहेर नेऊ नये. आरसा सूर्याकडे करू नये, डोळा जातो. काही फुटल्यास शिकवणारी जबाबदार.

म्हणजे विहिरीत उतरावं, पोहावं, आणि लुगडं कोरडं ठेवून वर यावं.

बातमी गावात माझ्या आधी पोचली. पहिले आले अर्जुनराव, मुलांच्या शाळेचे मुख्य गुरुजी. आभाळात ढग नसताना छत्री घेऊन हिंडणारा आमच्या गावातला तो एकच माणूस. पेटीकडे त्यांनी सोयऱ्याच्या घरी चुकून गेलेल्या आपल्या बैलाकडे बघावं तसं बघितलं.

"बाई, ही चूक झालेली आहे."

"कुणाची, गुरुजी?"

त्यांनी वर छताकडे पाहिलं, हैदराबादेकडे पाहिलं, आणि म्हणाले, "खात्याची चूक कशी होईल? गाडीवानाची. ही चीज आमच्याकडे यायची. आमच्याकडे काचेचं कपाट आहे. तुमच्या मुलींना वर्षातून एकदा रांगेनं आणा, लांबून दाखवू. काच आणि पोरी एका खोलीत ठेवायच्या नसतात."

मी म्हटलं, "गुरुजी, आम्ही जन्मभर हातात काच घालूनच भाकऱ्या थापतो."

पण माझा आवाज मुळातच बारीक. मी हळू बोलले की लोकांना वाटतं मी कबूल झाले. अर्जुनराव खूश होऊन म्हणाले, "तेच म्हणतो मी. श्रावण सरता सरता मोहतमीम बेगमसाहेबा शाळा तपासायला येणार आहेत. फुटली असेल तर त्या आमच्याकडे देतील. नुसती पेटीत पडली असेल तरी आमच्याकडेच देतील. मग मधल्यामधे तुम्ही कशाला त्रास घेता?"

मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारा अंमलदार. बेगमसाहेबा मुलींच्या शाळा तपासायच्या, आणि त्यांनी एकदा लिहिलं की मग त्यावर देवाचंही चालत नसे.

गुरुजी गेले, तोवर समोरच्या छबुबाई आल्या. आमच्या ओवरीला एकच खिडकी आणि तिच्यासमोर छबुबाईंच्या घराची चुन्यानं सारवलेली पांढरी भिंत. त्यामुळं शाळेत काय चाललंय हे त्यांना माझ्या आधी कळायचं.

"बाई, कुलूप लावा त्याला. अन् किल्ली हिरीत टाका."

"मग मुली बघतील कशा?"

"कावून बघायचं? हाय तेवढं दिसतंय तेच झेपंना. अन् एक सांगती, माझ्या बायनीला तर त्याच्यापाशी फिरकू दिऊ नका. तिच्या हाताला फोडायचा रोग हाय."

हे मात्र गावाला ठाऊक होतं. बायना ही छबुबाईंची धाकटी. तिनं घागरी फोडल्या होत्या, कंदिलाच्या काचा फोडल्या होत्या, मामानं परभणीहून आणलेला आरसा तर हातात घेतल्या घेतल्या फोडला होता. गल्लीत काही खळ्ळकन वाजलं की चारी बाजूंनी एकच हाक यायची, "बायने!" पुष्कळदा ते मांजर असायचं; पण हाक आधी, चौकशी मागून.

तिसरा सल्ला घरातून आला. आमचं किराण्याचं दुकान. आमचे हे तराजूला कुणाला बोट लावू देत नाहीत. गुळाचा खडा तोंडात टाकत म्हणाले, "अगं, मी सांगताव ते ऐक. पेटी माळ्यावर ठिव. मोहतमीमबाई आली की पुसून काढ. सरकारी चीज ही सरकारला दाखवायला असती."

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी लिंगपूजेला बसले. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही. लहानपणी मला आईनं शिकवलं होतं : मूठ करायची नाही, दोन बोटांत धरायचं नाही, तळहात पसरायचा आणि हाताचा पाट करायचा, ज्याला आपण आवळत नाही ते निसटत नाही. त्या दिवशी तळहाताकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि त्या उजेडात मी नेम बोलून गेले : महादेवा, या श्रावणात रोज माझ्या एका तरी मुलीनं स्वतःच्या हातानं पट्टी लावून त्या नळीतून बघितल्याशिवाय मी अन्न घेणार नाही. आणि श्रावण सरेल तेव्हा एकही मुलगी बघायची राहिलेली नसेल.

नेम विचार करून करावा म्हणतात. मी विचार केला, पण नंतर.

पहिला विचार पडण्याचा. ओवरीतलं टेबल तीन पायांवर उभं आणि चौथ्याखाली वीट. म्हणून घरातली मोठी परात आणली, तिच्यात ज्वारी भरली, आणि खुर्दबीन तिच्यात रोवून बसवली. यंत्र हलायचं नाही, आणि पट्टी हातातून सुटलीच तर ज्वारीवर पडेल. खाली गोधडी घातली. नळीच्या बाजूला एक गोल कान होता. तो पिळला की नळी खालीवर व्हायची. खाली जास्त गेली तर पट्टी चिरडणार. म्हणून नियम केला : नळी खाली मी आणणार, बाजूनं बघत, मुलीनं कान फिरवायचा तो फक्त वरच्या बाजूला. चूक झाली तर लांब जाण्याची होऊ दे, जवळ जाण्याची नको.

दुसरा विचार हातांचा. काचेची पट्टी हातात द्यायच्या आधी हात तयार झाले पाहिजेत. म्हणून मी दुकानातून उडदाचा कच्चा पापड आणला. साऱ्या मुली गोल बसवल्या आणि पापड या तळहातावरून त्या तळहातावर फिरवायला सांगितला. अख्खा फिरून परत आला तर पट्टीला हात लावायला मिळेल.

पापड तिसऱ्या हाताच्या पुढं जाईना. मला वाटलं, फार अवघड परीक्षा घेतली. मग ध्यानात आलं की मोडलेला पापड पोरी वाटून खात होत्या. शिवकन्येला मी विचारलं, तर ती निर्मळपणे म्हणाली, "बाई, मोडल्याबिगर खायचा कसा?"

शिवकन्या मठाच्या स्वामींची नात, खोटं बोलत नसे.

मग नियम बदलला. मोडलेला पापड सटवाला. त्या दिवसापासून मुलींचे हात असे सुधारले की पापड साऱ्या वर्गाला फेरी मारून अख्खा परत येऊ लागला. दारात बसून सटवा बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. "लेकरं लई हुशार झाली बाई," तो म्हणायचा, पण त्यात आनंद नव्हता.

पहिले दिवस सुखाचे गेले. समोर छबुबाईंच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडायचं, तो उजेड खिडकीतून आरशात यायचा, आरशातून पट्टीवर. सूर्याकडे आरसा करायची गरजच नव्हती. एकेक मुलगी गोधडीवर गुडघे टेकायची, तळहातावरची पट्टी पाटावर सरकवायची, कान वर फिरवायची आणि "आगं माय!" म्हणायची. मग मी घरी जाऊन जेवायची.

फक्त नेम बोलताना शुक्रवार माझ्या ध्यानात राहिला नव्हता. निजामाचं राज्य; शुक्रवारी शाळा बंद, कुलूप काढायचं नाही असा हुकूम. पण खिडकी उघडायची नाही असा हुकूम नव्हता. मी गुरुवारीच परात आतून खिडकीच्या फळीवर ठेवून घ्यायची, आणि शुक्रवारी मुलगी बाहेर पालथ्या पाटीवर उभी राहून बघायची. यंत्र इमारतीत, विद्यार्थिनी रस्त्यावर, सरकार आपल्या जागी.

पण सुख कुणाला बघवतं? एक दिवस ज्वारीतला एक किडा पट्टीवर चढला. शिवकन्या नळीला डोळा लावून बसली होती, ती ओरडली, "बाई! हत्ती! सोंड हाय त्याला!" पट्टी ज्वारीत पडली, वाचली. त्या किड्याला खरंच सोंड असते. मी सगळ्यांना दाखवली, आणि तो दिवस फार सार्थकी लागला असं समजून जेवले. दुसऱ्या दिवशी चार जणींच्या आया दारात.

"बाई, लेकरं भाकर खाईनात. म्हणत्यात पिठात हत्ती हाय."

त्यांची समजूत घालते न घालते तोच छबुबाईंची कोंबडी खिडकीतून थेट परातीत. तिला ज्वारी दिसली, विज्ञान दिसलं नाही. तिनं नळीवर पंख आपटले, आरशात स्वतःला पाहिलं आणि त्या दुसऱ्या कोंबडीशी भांडण काढलं. ज्वारीनं यंत्र धरून ठेवलं म्हणून निभावलं. मी छबुबाईंना हळू आवाजात सांगितलं की कोंबडी आवरा.

"आवं, रोज येती ना शाळंत?" त्या म्हणाल्या. "मग नाव घाला हजेरीत. माझ्या बायनीपरीस बरी शिकंल."

बायनाचं मात्र काही केल्या जमेना. तिची पाळी आली की तिचं पोट दुखायचं. म्हणजे सांगायला छबुबाई यायच्या; बायना त्यांच्या मागं उभी राहून पोटाला हात न लावता खिडकीतून परातीकडे बघत असायची. आणि मीही फार ओढून धरत नव्हते. उद्या बघू म्हणायची. सगळ्या होऊ देत, मग ती.

अशात सुंदरराव पाटील स्वतः चालत शाळेत आले. पाटील ओवरीच्या पायरीवर बसले म्हणजे काम मोठं.

"बाई, तुमच्या नेमाला ऊन लागतं म्हणं."

"लागतं, पाटील."

"अन् रोज शाळेच्या टायमाला ऊन पडतंय."

"महादेवाची कृपा."

"तेच म्हणायला आलोय," पाटील म्हणाले. "आमी सारं गाव त्याला पाऊस मागताव. अन् तुमी एकट्या उपाशी बसून ऊन मागताव. देव उपाशी माणसाचं आदी ऐकतो. कावून आमच्या कापसाच्या मुळावर उठलाव?"

माझ्या आयुष्यात माझ्यावर कुणी असा आळ घेतला नव्हता. मुंगीला वाट देणारी बाई मी. आणि तालुक्याचा पाऊस अडवल्याचा ठपका! डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "पाटील, मला तळहाताएवढं ऊन पुरतं. बाकीचं आभाळ तुमचं."

"मग तसं त्याला नीट सांगा," पाटील उठत म्हणाले. "तुमी लई हळू बोलताव."

त्या सोमवारी मी पूजेत नीट सांगितलं. जरा मोठ्यानं. आणि महादेवानं ऐकलं, पण अर्धं.

झड लागली. अशी की भिंती ओल धरू लागल्या आणि बांधावरचे खेकडे गावात आले. गाव आनंदानं वेडं झालं. पाटलांनी मठात नारळ फोडला. आणि आमच्या ओवरीत भरदिवसा असा अंधार की मुलींना एकमेकींच्या नाकाचा पत्ता लागेना. खुर्दबीन बाहेर न्यायची नाही. छबुबाईंची भिंत काळी पडलेली. पहिल्या दिवशी मी लिंगाचं तीर्थ घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशीही.

तेव्हा मात्र गावाचा आनंद नासला. ज्या तोंडांनी माझ्यावर ठपका ठेवला, तीच तोंडं आता दारात येऊन उभी. पाऊस आपल्याला आणि उपास बाईला, हे पाप कुणाच्या माथी? पाटलांनी कंदील पाठवला. महानंदा कासारणीनं समई आणली. कुणी पलिता आणला, कुणी चिमणी. पण त्या उजेडात नळीतून एक धुरकट पिवळं वर्तुळ तेवढं दिसायचं. बघितल्यासारखं करा म्हणाले सगळे. शिवकन्या तर म्हणाली, "बाई, मी दिसलं म्हणते." पण मी ऐकलं नाही. माणसाला फसवता येतं एक वेळ. नेम आपल्याच घरात राहतो, त्याला सगळं ठाऊक असतं.

श्रावणाची अमावास्या उजाडली, पोळ्याची. गावात बैलांना हळद-तूप लागलं, घराघरात पुरण शिजू लागलं. बायना सोडून सगळ्या मुलींनी बघून झालं होतं. आणि आज श्रावण सरणार होता.

सकाळी आमचे हे शाळेच्या दारात उभे. हातात दुकानातली गॅसबत्ती. ही गॅसबत्ती लग्नाला द्यायची झाली तर हे स्वतः वरातीत तिच्यामागं चालत जातात. तिची जाळी फुंकरीनं गळते आणि काच बघता बघता तडकते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज पोळा हाय. तू जेवल्याबिगर मला घास उतरंना. लाव ते काय लावायचं ते."

मी गल्ली ओलांडून छबुबाईंच्या दारात गेले. चालताना भिंत धरावी लागली. त्या पुरण वाटत होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "न्हाई."

"छबुबाई..."

"न्हाई म्हणलं ना! तुमचं यंत्र फुटलं तर सरकार दुसरं धाडंल. माझ्या पोरीचं नाव एकदा सरकारात फोडणारी म्हणून गेलं, तर ते कशानं पुसायचं? आत्ताच गावात हसत्यात. उद्या सोयरीक आली तर पहिलं त्येच सांगतील. म्हणून म्हणत व्हते कुलूप लावा, कुलूप लावा. तुमाला वाटलं मला अक्कल न्हाई."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले. उभं राहवतच नव्हतं. म्हटलं, "छबुबाई, एक विचारू? बायनाच्या हातून काही फुटलं, त्याच्या आधी कुणी ओरडलं नव्हतं, असं कधी झालंय?"

पाट्यावरचा हात थांबला.

"म्हंजी आमी वरडताव म्हणून ती फोडती?"

"मला ठाऊक नाही. पण आज कुणी ओरडायचं नाही. एवढं करून बघू."

त्यांनी पदराला हात पुसले. "चल गं," त्या आतल्या अंधाराला म्हणाल्या. बायना दारामागंच उभी होती, वेणी घालून, सकाळपासून तयार.

आम्ही ओवरीत आलो आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी अर्जुनरावांची छत्री दिसली. छत्रीखाली बेगमसाहेबा. त्यांची गाडी ओढ्याच्या गाळात रुतली होती, आणि पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात कुणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. कलेक्टर आला तरी नाही. त्या चालत आल्या होत्या. बुरखा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, मागं पेटी घेतलेला शिपाई, आणि चेहऱ्यावर सकाळपासून काही खाल्लेलं नसल्याचा भाव. तो मला लगेच ओळखू आला.

अर्जुनरावांच्या कमरेला कपाटाची किल्ली लोंबत होती. "हुजूर," ते म्हणाले, "अजून काही फुटलेलं नाही तोवर..."

बेगमसाहेबांनी ओवरीत पाहिलं. परातीत रोवलेली खुर्दबीन, आढ्याला टांगलेली गॅसबत्ती, गोधडीवर गोल बसलेल्या मुली, दारात निम्मं गाव. "चलने दो," त्या म्हणाल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

मी पापड बायनाच्या तळहातावर ठेवला. छबुबाईंनी पदराचा बोळा तोंडात घातला होता. पापड हातोहात फिरला आणि अख्खा परत आला. मग मी डबीतून पंखाची पट्टी काढली. बायनाचा हात पाण्यातल्या चंद्रासारखा थरथरत होता. पण कुणी काही बोललं नाही. हळूहळू त्या शांततेची तिलाच सवय झाली असावी. हात थांबला. तिनं पट्टी पाटावर सरकवली. मी बाजूनं बघत नळी खाली आणली. तिनं डोळा लावला, आणि कान वरच्या बाजूला फिरवू लागली. वर. वर. अजून थोडा.

खळ्ळकन आवाज झाला.

"बायने!"

दारातून, खिडकीतून, गल्लीतून, छबुबाईंच्या बोळ्यातून एकदमच. पाटील ओरडले, आमचे हे ओरडले, अर्जुनराव तर किल्ली हातात धरून ओरडले. खोटं कशाला सांगू, माझ्याही ओठांवर नाव आलं होतं. उपासानं आवाज निघाला नाही एवढंच.

ओवरीत अंधार झाला होता. गॅसबत्तीवर छताचा एक थेंब गळला होता, आणि तापलेली काच तडकून तिचे तुकडे आमच्या ह्यांच्या पायाशी पडले होते.

त्या अंधारात बायना होती तशीच बसलेली. एक डोळा नळीला, एक हात कानावर, दुसरा तळहात मांडीवर पसरलेला. ती हलली नव्हती. चिडून म्हणाली, "बाई, दिवा कावून मालवला? आत्ता तर पाकोळीच्या पंखाला कणसावानी दाणे दिसाया लागले व्हते!"

बेगमसाहेबांनी शिपायाकडे हात केला, पेटीतून बॅटरी काढली, आणि एवढ्या मोठ्या अंमलदारबाईनं स्वतः गोधडीवर गुडघे टेकून आरशावर उजेड धरला. "देख, बच्ची," त्या म्हणाल्या. "आराम से देख. कोई नहीं चिल्लाता." शेवटचे शब्द त्यांनी दाराकडे बघून म्हटले. निम्मं गाव पायांकडे बघू लागलं.

बायनाचं बघून झालं तेव्हा त्यांनी स्वतः डोळा लावायला मान वाकवली. मी हळूच म्हटलं, "आधी पापड."

अर्जुनरावांना ठसका लागला. बेगमसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं, मुलींच्या गोलात जाऊन बसल्या आणि तळहात पसरला. पापड त्यांच्यापर्यंत सुखरूप आला. त्यांनी तो उचलला, कडकन मोडला आणि खाल्ला.

"हौ, तोड्या मैंने," त्या म्हणाल्या. "सुबह से भूकी हूँ."

दारात सटवानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या फेरीला त्या पास झाल्या. पंख पुष्कळ वेळ बघितला. मग उठून निकाल सांगितला : चीज इथंच राहील. मुलांना बघायची असेल तर इथं यावं. पापड घेऊन यावं. अर्जुनराव म्हणाले, "जी, हुजूर," आणि छत्री छताखालीच उघडली.

"और कुछ होना तुमको?" जाता जाता बेगमसाहेबांनी मला विचारलं.

माझ्या तोंडात बळ आलं. "फळा, बेगमसाहेबा."

"दरख्वास्त करो," त्या म्हणाल्या.

मी घरी आले; आमचं घर शाळेला लागूनच, छबुबाईंच्या समोर. ह्यांनी ताट वाढून ठेवलं होतं. गॅसबत्तीचं नाव काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. बसणार तोच समोर छबुबाईंचं दार उघडलं. बायना बाहेर आली. तिच्या पसरलेल्या तळहातांवर काचेची बरणी होती, लिंबाच्या लोणच्याची, छबुबाईंच्या माहेरची. ही बरणी त्या दिवाळीलासुद्धा स्वतःशिवाय कुणाला उतरवू देत नसत. गल्लीत चिखल, दगड, आणि रंगवलेल्या शिंगांचे बैल मिरवत चाललेले. बायना त्यांच्यामधून चालत आली. छबुबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून. पण तोंडातून शब्द नाही.

बायना माझ्या पायरीवर आली. "बाई, आईनं दिलंय. तुमच्या जेवणाला."

मी कौतुकानं हात पुढं केले. कितीतरी वेळाच्या उपासाचे ते हात; त्यांत आनंद होता, बळ नव्हतं. बरणी त्यांत क्षणभर राहिली आणि मग पायरीवर गेली.

आवाज साऱ्या गल्लीत घुमला. बैलसुद्धा थांबले. मी हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. समोरच्या दारातून छबुबाईंनी तेवढं विचारलं, "बाई, लागलं तर न्हाई ना तुमाला?"

बायनानं लोणच्यात पसरलेल्या काचांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माझी मान खाली. ती माझ्यासारखाच बारीक आवाज काढून म्हणाली,

"असू द्या बाई. उद्या आपुन पापडापासून सुरू करू."